सभासद क्रमांक ३१७

माझ्या नवऱ्याचं नाव परशुराम नाचणेकर. तोंडावर मी त्यांना 'अहो' म्हणते आणि मनात नुसतं नाचणेकर. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, त्यातली पंचवीसेक भाईंदर पूर्वेला याच दोन खोल्यांत गेली. एवढ्या काळात आमच्यात जे बोलणं झालं ते एका कॅलेंडरच्या पानामागे लिहून होईल. चहा टाक. गॅस संपला. पंखा बंद कर. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यापासून तर तेवढंही उरलं नाही.

मी मुळात अशी नव्हते, हे आधीच सांगते. लग्न होऊन आले तेव्हा माहेरून दोन पिशव्या भरून कादंबऱ्या आणि जुनी मासिकं आणली होती. दुपारी वाचायचे, पोटभर रडायचे आणि मग चहा करायचे. फार बरं वाटायचं. तिसऱ्या महिन्यात एक दिवस बाजारातून आले तर पिशव्या जागेवर नव्हत्या. नाचणेकरांनी रद्दीवाल्याला वर बोलावून सगळं देऊन टाकलं होतं. "खोट्या माणसांसाठी डोळे सुजवायचे, याला काही अर्थ आहे?" एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला. मी भांडले नाही. भांडायला हवं होतं. तेवीस वर्षांची होते, घाबरले. त्यानंतर पुस्तक म्हणून हातात धरलं ते मुलाच्या शाळेचंच.

तर मागच्या वर्षी माझा उजवा गुडघा बदलला. दोन महिने घरात बसून होते. नाचणेकर दुपारी पोळीभाजीचा डबा आणायचे, टेबलावर ठेवायचे आणि "किती दिवस चालणार हे?" असं माझ्याकडे न बघता गुडघ्याकडे बघून विचारायचे. चार वाजले की कापडी पिशवी खांद्याला लावून जेसल पार्कला, खाडीकाठी फिरायला. पिशवीत ब्लडप्रेशरची फाइल असते हे मला माहीत होतं, कारण ते तसं म्हणाले होते. पाणीखात्यात नोकरीला होते तेव्हापासून ती पिशवी त्यांच्या खांद्याला आहे. मी ती कधी उघडली नाही. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, असं माझं आहे. त्यांचं तसं नव्हतं हे रद्दीवाल्याला विचारा.

दुसऱ्या मजल्यावर सुचेताताई राहतात, निवृत्त शिक्षिका. स्टेशनजवळ झेरॉक्सच्या दुकानावर एक लायब्ररी आहे, तिथे त्या सकाळच्या वेळी जातात. मी पडून आहे म्हणून एक दिवस त्यांनी आपलं पुस्तक माझ्याकडे आणून टाकलं. म्हणाल्या, "मला चुकून दिलं गं लायब्ररीतल्या पोरीने. अंतराळयान आहे, रोबो आहे आणि त्यात प्रेमप्रकरण. मला नाही झेपत. बघ तुला जमतंय का, नाहीतर टीव्ही बघ."

पुस्तकाचं नाव होतं 'दूरवासी', भाग पहिला. लेखकाचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. कव्हरवर एक बाई हेल्मेट घालून उभी, मागे दोन चंद्र. मला हसूच आलं. म्हटलं, चला, दोन पानं वाचू. चार वाजता सुरू केलं ते दिवे लागायच्या वेळेला नाचणेकरांची किल्ली दारात वाजली तेव्हा भानावर आले. पुस्तक झटकन गुडघ्याखालच्या उशीत सरकवलं. साठीला आलेली बाई, स्वतःच्या घरात पुस्तक लपवतेय. लाज वाटली, पण लपवलं खरं.

गोष्ट अशी की इरावती नावाची एक इंजिनीअर लांबच्या ताऱ्याकडे निघालेल्या यानात असते, आणि तिचा माणूस, अनिकेत, पृथ्वीवर राहिलेला असतो. दोघं एकमेकांना निरोप पाठवतात. यान जसं लांब जातं तसा निरोप पोचायला वेळ लागतो, आधी दिवस, मग महिने, शेवटी वर्षं. तिकडे तिचं वय हळू चालतं, इकडे तो भराभर म्हातारा होतो. तरी तो रोज काहीतरी सांगतो. आज पाणी आलं नाही. आज आंबा गोड निघाला. मी त्या उशीवर पाय ठेवून इतकी रडले की शेजारची हंसाबेन विचारायला आली, "घुटना बहुत दुखता है क्या?" हो म्हटलं.

मला तोवर ठाऊकच नव्हतं की अशी पुस्तकं असतात. यंत्रं, तारे, हिशेबाने सांगितलेली अंतरं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध दोन माणसांची नुसती तडफड. साध्या प्रेमाच्या गोष्टीत मला आता खोट दिसते. हे लोक एकाच गावात राहतात, मग बोलत का नाहीत, असं वाटतं. इथे तसं नव्हतं. इथे अंतर खरं होतं, त्यात कुणाचा दोष नव्हता. सुचेताताईंना म्हटलं, असलंच आणा. त्यांनी असली आणखी सात-आठ पुस्तकं आणली, 'दूरवासी'चा दुसरा आणि तिसरा भागही आणला. सगळी उशीखाली गेली आणि उशीखालून परत गेली.

त्यात मला एक सोबत सापडली. लायब्ररीची पुस्तकं वाचणाऱ्यांना माहीत असेल, पुष्कळ जण आपण वाचलेल्या पुस्तकात खूण करून ठेवतात, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी येत नाही. सुचेताताई एकावन्नाव्या पानावर छोटा 'सु' काढतात. कुणी फूल काढतं, कुणी टिकली चिकटवतं. या पुस्तकांत तसलं काही नव्हतं, पण समासात पेन्सिलीची एक बारीक रेघ असायची. दर पुस्तकात चारपाच ठिकाणी, आणि नेमकी तिथे, जिथे मीही थांबले होते. मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी असते, तिच्यात तारखेपुढे सभासदाचा नंबर लिहितात. बहुतेक पुस्तकांत सुचेताताईंच्या नंबराआधी एकच नंबर होता. ३१७. म्हणजे रेघा त्याच माणसाच्या.

एका रेघेजवळचं वाक्य मला पाठ आहे. अनिकेत म्हणतो, 'आज तू काय खाल्लंस एवढंच सांग. बाकीचं विश्व राहू दे.' तिथे रेघ जरा जोरात ओढलेली होती, कागद दबला होता.

मी त्या ३१७ शी बोलायला लागले. मनातल्या मनात, पण बोलायला लागले. आधी वाटलं बाई असेल. मग वाटलं, पुरुष असला तर? एकटा राहत असेल. बायको गेली असेल, तिची आठवण येत असेल म्हणून रेघा मारत असेल. अशा माणसाला कुणी विचारत असेल का, आज काय खाल्लंस? मी सांगते, मला तो माणूस आवडायला लागला होता. पुस्तक येणार त्या दिवशी मी केस नीट विंचरायचे. कुणाला दिसणार होतं? पण विंचरायचे.

तिसरा भाग अशा जागी संपला की इरावतीचं यान परत फिरलं आहे, अनिकेत एक्क्याऐंशीचा झाला आहे, आणि ती पोचेपर्यंत तो असेल की नाही ते माहीत नाही. चौथा भाग लायब्ररीत यायचा होता. तेवढ्यात सुचेताताई लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने पुण्याला गेल्या. मी आठवडाभर कळ काढली. मग एका सकाळी नाचणेकर आंघोळीला गेले असताना साडी बदलली, बाथरूमच्या दारातूनच डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं आणि रिक्षा करून स्टेशनजवळ गेले. झेरॉक्सवाल्याच्या बाजूने जिना आहे. सोळा पायऱ्या. नव्या गुडघ्याने चढलेला तो पहिला जिना.

लायब्ररी वडिलांच्या मागे पराग चालवतो, चाळिशीचा माणूस, चष्मा कपाळावर. त्याला म्हटलं, सभासद व्हायचंय, आणि 'दूरवासी'चा चौथा भाग हवाय. तो म्हणाला की कालच आलाय, पण एका सभासदाने आधीपासून सांगून ठेवलाय. मी पुढे वाकून विचारलं, "३१७ का?"

त्याने चष्मा खाली घेतला. "तुम्हाला कसं माहीत?"

मी खरं ते सांगितलं, की त्यांची पुस्तकं माझ्याकडे येतात, आवड जुळते, कोण आहेत ते कळलं तर बरं होईल. नाव सांगता येत नाही काकू, नियम आहे, असं तो म्हणाला आणि फॉर्म पुढे केला. मी पूर्ण नाव लिहिलं, वासंती परशुराम नाचणेकर, बिल्डिंगचं नाव, खोली नंबर. त्याने फॉर्म वाचला, मग रजिस्टर उघडलं, मग हसायलाच लागला.

"काकू, मस्करी करताय काय? ३१७ तुम्हीच आहात की."

त्याने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. ३१७, सौ. वासंती परशुराम नाचणेकर. अकरा वर्षांपूर्वीची तारीख. अक्षर नाचणेकरांचं, 'व'ला शेपूट असलेलं, मी त्या अक्षरात छत्तीस वर्षं किराण्याच्या याद्या वाचल्या आहेत.

पराग उठून उभाच राहिला. त्याला इतका आनंद झाला होता की मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, अकरा वर्षं काका न चुकता येतात, तुम्हाला बघायची फार इच्छा होती. काका सांगतात ना तुमच्याबद्दल. मी विचारलं, काय सांगतात? तर म्हणाला, सांगतात की आमची मंडळी फार हळवी आहे, बाहेर पडत नाही, पण हातात पुस्तक नसलं तर तिला जेवण गोड लागत नाही. शेवट आधी सांगितलेला तिला चालत नाही, म्हणून ते मलाही तोंड बंद ठेवायला लावतात. एकदा पुस्तकाची दोन पानं भिजून फुगली होती, तर काकांनी माफी मागितली, म्हणाले, ती वाचताना रडली हो, तिला काही बोलवेना मला.

"काकू, लकी आहात तुम्ही," पराग म्हणाला. "एवढं कोण करतं बायकोसाठी?"

मी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसले होते. पराग ज्या बाईबद्दल बोलत होता तिचा मला मत्सर वाटला, साधा, सवतीचा वाटावा तसा. ती बाई हळवी होती. तिला पुस्तकं मिळत होती. तिच्या रडण्याला कुणी अर्थ विचारत नव्हतं. नाचणेकर तिच्यासाठी जिना चढत होते, तिच्यासाठी माफी मागत होते. अकरा वर्षं ते फाइलऐवजी पिशवीत पुस्तक घेऊन तिच्याबरोबर खाडीकाठी बाकावर बसले आणि मग घरी येऊन मला म्हणाले, पंखा बंद कर.

आणि माझा तो एकटा, बायको गेलेला, केस विंचरायला लावणारा माणूस? तो माझ्याच घरात राहत होता, आणि मी काय खाल्लं हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

चौथा भाग मी घेतला. माझ्याच नावावर राखून ठेवला होता, त्यामुळे परागला काही वावगं वाटलं नाही. त्याने चिठ्ठीवर ३१७ लिहिलं.

घरी येऊन पुस्तक लपवलं नाही. टीपॉयवर, पेपरच्या शेजारी, कव्हर वर करून ठेवलं. सांगून टाकते, मला त्या क्षणी भांडायचं नव्हतं. ते नुसतं म्हणाले असते, आलं का हे, तर मी सगळं विसरले असते. रद्दीवाल्यालासुद्धा.

नाचणेकर जेवून हॉलमध्ये आले, बसले, पेपरकडे हात गेला आणि थांबला. मानेपासून कानापर्यंत लाल झाले. बराच वेळ त्या हेल्मेटवाल्या बाईकडे बघत राहिले. मग पेपर उचलला आणि त्यातली एक पुरवणी पुस्तकावर पडेल अशी सोडली.

"असली थेरं कधीपासून वाचायला लागलीस?"

मी म्हटलं, झाले तीनेक महिने. मग त्यांच्या समोरच बसले आणि सरळ विचारलं, "तुम्ही वाचलंयत का कधी असलं?"

"मला काय वेड लागलंय?" ते म्हणाले.

पुस्तक मी त्यांच्यासमोर वाचलं. दोन दिवस, दुपारी, हॉलमध्ये, उजेडात. ते फिरायला गेले नाहीत. समोर पेपर धरून बसायचे, पण पान उलटायचे नाहीत. तिसऱ्यांदा मान वर केली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते माझ्या तोंडाकडे बघतायत. मी हसले की त्यांचा पेपर जरा खाली यायचा. माझी भुवई वर गेली की श्वास धरायचे. माझ्या चेहऱ्यावरून ते पुस्तक वाचत होते. शेवटच्या प्रकरणाला माझे डोळे भरून आले, तर उठले, आत गेले आणि पाण्याचा ग्लास आणून माझ्याजवळ ठेवला.

एवढं पुरे होतं, असं आता वाटतं. त्या ग्लासाला हात लावून मी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवायला हवं होतं. पण मला राग आला. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. म्हटलं, एक शब्द. तिकडे परागपाशी एवढं बोलता, माझ्यापाशी एक शब्द बोला. नाही बोलले. मग मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक पिशवीत घातलं आणि पुन्हा सोळा पायऱ्या चढले.

परागला म्हटलं, ३१७ बंद करा. मला नवा नंबर द्या आणि रजिस्टरमध्ये लिहा, पुस्तक फक्त सभासदाच्या हातात द्यायचं. तो गडबडला.

"आणि काकांना हवं असलं तर?"

"तर काकांना स्वतःच्या नावाने सभासद करून घ्या," मी म्हटलं. "आणि तुमच्याकडून त्यांना हेही सांगा, की बायकोने शेवट ऐकवायला मनाई केली आहे."

परागचा चेहरा पडला. त्याला बहुतेक सगळं कळलं. त्याने चौथ्या भागाच्या चिठ्ठीवर परतीची तारीख टाकली आणि तो कपाटात ठेवून दिला. मी जिना उतरले तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

त्या संध्याकाळी नाचणेकर चार वाजता पिशवी घेऊन गेले आणि पाचच्या आधी परत आले. पिशवी खुंटीला लावली. तिला काही वजन नव्हतं, भिंतीला चिकटून राहिली. माझ्याकडे न बघता आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. मी वाट बघितली. उद्या ओरडतील, भांडतील, निदान विचारतील की माझं नाव का काढलंस. मला उलट उत्तर देता आलं असतं, की नाव माझंच होतं. सगळी वाक्यं तयार होती.

काहीच विचारलं नाही. त्यांना करायचं काय होतं? एक फॉर्म भरायचा, त्यावर परशुराम नाचणेकर लिहायचं, एवढंच. तेवढं लिहवलं नाही. रोज चारला फिरायला जातात, पिशवी नेत नाहीत. मी लायब्ररीत जाते, पुस्तकं आणते, वाचते आणि परत करते. पूर्वी उशीखाली ठेवायचे, आता कपाटात ठेवून कुलूप लावते. नव्या पुस्तकांच्या समासात रेघा नसतात. जिथे थांबते तिथे मी एकटीच थांबते. चिठ्ठ्यांवर माझाच नंबर, मागेपुढे कुणी नाही.

परवा सकाळी मी स्वयंपाकघरात गवार मोडत बसले होते. नाचणेकर दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं चहा हवा असेल. एक हात चौकटीवर होता, दुसऱ्या हाताने बनियनचं टोक धरलं होतं. मग घसा साफ करून, अगदी हळू आवाजात विचारलं.

"ते भेटतात का शेवटी?"

छत्तीस वर्षांत त्यांनी मला खरोखर विचारलेला हा पहिला प्रश्न. उत्तर माहीत असताना, किंवा उत्तर नको असताना विचारलेला नाही. त्यासाठी त्यांना काय काय गिळावं लागलं असेल ते मला त्यांच्या त्या बनियन धरलेल्या बोटांत दिसत होतं. मला हे सगळं दिसत होतं, आणि तरी माझं तोंड उघडलं ते असं:

"कोण?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी इरावती म्हटलं असतं तरी पुरे होतं. ओठ हलले सुद्धा. मी गवारीच्या शिरा काढत राहिले, मान वर केली नाही. मनात म्हणत होते, म्हणा, म्हणा ना. आणि हात काही थांबवले नाहीत.

"काही नाही," ते म्हणाले, आणि हॉलमध्ये जाऊन पेपर उघडला.

भेटतात. तीनशे चौदाव्या पानावर भेटतात. अनिकेत दारात उभा असतो, काठी टेकून. इरावती उतरते, त्याच्यासमोर येते आणि इतक्या वर्षांचं काही न बोलता पहिला प्रश्न विचारते, आज काय खाल्लंस. हे मी नाचणेकरांना अजून सांगितलेलं नाही.